मासे दाखवणारा डबा

बहारीन सोडून कुणी कायमचं गावी निघालं, की माणसाच्या आधी त्याच्या घरातल्या वस्तू निघतात. फ्रीज एकाकडे जातो, पलंग दुसऱ्याकडे, कढीपत्त्याची कुंडी तिसऱ्याकडे, आणि शेवटच्या दिवशी तो माणूस रिकाम्या खोलीत सुटकेसवर बसून टॅक्सीची वाट बघत असतो. गुदैबियातलं आमचं दोन खोल्यांचं घर अशा परत गेलेल्या माणसांच्या वस्तूंनीच सजलेलं होतं. जेवणाचं टेबल वसईच्या एका नर्सबाईंचं, उभा पंखा केरळच्या मास्तरांचा, आणि बाथरूममधली निळी बादली कुणाची ते आईलाही आठवत नसे. आमच्यात आईला आईच म्हणतात, याचं शेजारच्या हैदराबादी खालांना फार नवल वाटायचं. ‘तुम लोग मुसलमान होके आई बोलते?’ असं त्या दर ईदेला नव्याने विचारत आणि आई दर ईदेला तेच उत्तर देई, की रत्नागिरीला या म्हणजे कळेल.

बाबा मुहर्रकला विमानतळावर कार्गोत क्लार्क होते. त्यांचा गोरा साहेब निवृत्त होऊन इंग्लंडला परत निघाला तेव्हा त्याच्या टीव्हीवर आणि सोफ्यावर ऑफिसातल्या लोकांनी कधीपासून नजर ठेवली होती. बाबा भिडस्त. ते सगळ्यांच्या शेवटी गेले आणि एक करडी पेटी घेऊन घरी आले. वरती धरायला मूठ, समोर तळहाताएवढा काचेचा पडदा, खाली टॉर्चचे जाडे सेल घालायची जागा, आणि मागून निघालेली लांब काळी वायर. वायरीच्या टोकाला एक गोटा आणि त्याला रबराची वाटी. आईने ती पेटी सगळीकडून बघितली आणि विचारलं, “ह्याच्यात काय शिजतां?” बाबा म्हणाले, “शिजत काय नाय. हे मासे दाखवतां.” आई म्हणाली, “मासे मलाही दिसतात. बाजारात.”

पेटीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक होतं. शाळा इंग्रजी असल्यामुळे ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन. धाकटा भाऊ अजून चित्रं रंगवायच्या वयाचा होता. साहेब हे यंत्र त्याच्या गावच्या नदीत वापरायचा. पुस्तकातल्या चित्रात एक टोपीवाला माणूस छोट्या होडीत बसलेला, दोन्ही काठांना हिरवं लव्हाळं, आणि पाण्याखाली पाईक नावाचा एक लांबोडका मासा, बदकासारखा चपटा जबडा आणि तोंडभर दात. हा मासा पाण्यात भटकत नाही, एका जागी दबा धरून बसतो, असं लिहिलं होतं. नदीचा तळ जिथे एकदम खाली उतरतो त्या काठाला तो असतो, म्हणून मासा शोधू नका, आधी काठ शोधा. होडी हळू चालवा, नाहीतर गोट्याखाली बुडबुडे होतात आणि यंत्राला काही दिसत नाही. पडद्याच्या उजव्या टोकाला आत्ता होडीखाली काय आहे ते दिसतं. डावीकडे सरकतं ते मागे पडलेलं. मला ते पुस्तक फार आवडलं. मी आयुष्यात नदी पाहिली होती ती सुट्टीत, बसच्या खिडकीतून, पुलावरून. पण पाईक कुठे लपतो ते मला चांगलं ठाऊक झालं.

आमच्या घरचा शुक्रवार मासळीचा. इतर दिवशी बाबा ड्युटीवरून आले की टेबलावरच पेंगत, पण शुक्रवारी पहाटे गच्चीवरच्या टाकीची मोटर घरघरायला लागायच्या आत ते उठलेले असत. आई घावण्यांचं पीठ कालवून तव्यावर फर्रर्र आवाज करत टाकत बसे, डब्यात घावणे, लसणाची लाल चटणी आणि उकडलेली अंडी भरी, आणि मग खालून याकूबमामू शीळ घाली. याकूबमामू आईचा धाकटा भाऊ. तो एका गॅरेजात वेल्डर होता, लग्न व्हायचं होतं, आणि आठवड्यातलं एक धड जेवण आमच्याकडे जेवायचा. मुहर्रकच्या मासेमारी बंदरावर अबू खालिदची फायबरची बोट असे. अबू खालिद बाबांच्याच ऑफिसात होते, तिथले मूळ रहिवासी, पोट सुटलेले, हसरे. ते, बाबा आणि मामू असे तिघे दर शुक्रवारी समुद्रावर जात आणि जुम्याच्या नमाजाच्या आत परत येत. यंत्र आल्यापासून मीही जाऊ लागले. आईचं म्हणणं एवढंच होतं की उन्हाने मी काळी होईन आणि मग तिला गावच्या बायकांना तोंड दाखवता येणार नाही.

पण आईची खरी भीती वेगळी होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. समुद्रात एक रेघ आहे. ती दिसत नाही, पण तिच्यापलीकडे दुसरा देश सुरू होतो आणि त्याची गस्तीची बोट फिरत असते. आमच्याच बाजूच्या बिल्डिंगमधले एक गाववाले असेच मासे पकडता पकडता पलीकडे गेले. बोट जप्त झाली, ते कितीतरी दिवस कोठडीत राहिले, सुटून आले तेव्हा नोकरी गेलेली, व्हिसा रद्द. त्यांची बायको जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला भांडी दाखवत होती, हे घ्या, ते घ्या. त्या बाईंचा कुकर आमच्याकडे आला होता आणि आई तो कधी वापरत नसे. दर शुक्रवारी दार उघडताना ती बाबांना म्हणे, “रेघेच्या जवळ जाव नका.” बाबा म्हणत, “अबू खालिद आहे ना.” हेच दोघांचं खुदा हाफिज.

यंत्राची कीर्ती मात्र लवकरच धुळीला मिळाली. त्याच्यात एक सोय होती, खाली काहीतरी दिसलं की पडद्यावर माशाचं छोटंसं चित्र उमटायचं आणि टुंग असा आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी तो टुंग ऐकून मामूने अशा घाईने गळ टाकला की तो अबू खालिदच्या बाहीत अडकला. मासा काही लागला नाही. दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर माशांची जत्रा भरलेली आणि वर आलं ते शेवाळ. शेवाळ असो, बुडबुडे असोत, गढूळ पाणी असो, यंत्राला सगळीकडे मासेच दिसत. अबू खालिद मान हलवून म्हणत, “सायरा, तेरा मशीन बहोत झूट बोलता. मासा मफी.” मफी म्हणजे नाही. मामू यंत्राला खोटारडा म्हणू लागला. मी पुस्तकातून वाचून दाखवलं की चित्रं हा यंत्राचा अंदाज असतो, तळ आणि खोली हे त्याचं खरं मोजमाप. चित्रं बंद करा आणि तळाची रेघ वाचा. ऐकतंय कोण? टुंग झाल्याशिवाय त्या तिघांना मजाच येत नसे. तळ बघत बसणं हा माझा एकटीचा नाद होता. बंदरातून निघालं की उथळ, मग बोटी जाण्यासाठी खणलेला खोल पाट, मग पुन्हा उथळ, मग फश्त, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे हळूहळू खोल होत गेलेला समुद्र. बाकीचे वर बघत तेव्हा मी खालचा रस्ता बघत असे.

आता माझा भाचा चेंडूएवढं एक यंत्र पाण्यात फेकतो आणि मोबाइलवर रंगीत तळ बघतो. परवा मला म्हणाला, “फुफीजान, तुमच्या वेळी हे नव्हतं ना?” मी म्हटलं, होतं रे, पण ते हातात धरायला मूठ असलेलं होतं. त्याला यात हसण्यासारखं काय वाटलं कोण जाणे.

तर त्या थंडीतल्या एका शुक्रवारी अबू खालिदच्या पुतणीचं लग्न होतं. त्यांनी बोटीची चावी बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, तुम्ही जा, माझा वाटा ठेवा. बाबांना एवढा मान कुणी दिला नव्हता. त्यांनी घरी येऊन चावी टेबलावर ठेवली ती सगळ्यांना दिसेल अशी. आईने दारात तेच म्हटलं आणि बाबा सवयीने “अबू खालिद आहे ना” म्हणून बसले. मग दोघांच्याही लक्षात आलं. आईने डबा माझ्या हातात दिला आणि बाबांकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, “लांब जात नाय. फश्ताच्या अलीकडेच बसतो.” ते मनापासूनच तसं म्हणाले होते.

समुद्र त्या दिवशी थाळीत घातलेल्या पाण्यासारखा शांत होता. गोटा बोटीच्या मागच्या फळीला चिकटवला, मामू इंजिनापाशी, बाबा पुढे नाळेवर, मी मधे पेटी मांडीवर घेऊन. अबू खालिदची रोजची जागा गाठली, दोन-चार बारीक शेरी लागल्या आणि मग सगळं थंडावलं. अबू खालिद असते तर त्यांनी घावणे काढले असते आणि वाट बघितली असती. पण आम्ही आमच्या मनाचे राजे. मामू म्हणाला, यंत्र लाव आणि आपण मासळीच्या मागे जाऊ. टुंग झालं की तो बोट तिकडे वळवी, पुन्हा टुंग झालं की इकडे. एकदा खरोखरच मोठा हमूर लागला, बाबांनी तो बोटीच्या काठापर्यंत आणला, त्याचं तपकिरी ठिपक्यांचं डोकं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि दोरी तुटून तो गेला. मग तर मामूला चेवच आला. आम्ही तिघंही पडद्यावर डोकी घालून बसलो होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. गालाला गार ओलसर काहीतरी लागलं म्हणून मी वर बघितलं, तर बंदराच्या बाजूचे खांब नव्हते, फश्तावरची खूण नव्हती, दुसऱ्या बोटी नव्हत्या. धुकं आलं होतं. पाणी आणि आकाश यांचा एकच पांढरा कापूस झाला होता.

त्या काळी आमच्याकडे मोबाइल नव्हते आणि बोटीतलं होकायंत्र अबू खालिदच्या मुलाने कधीच सोडवून खेळायला नेलं होतं. अबू खालिदना त्याची गरज पडत नसे. बाबांनी मामूला इंजिन बंद करायला सांगितलं. आम्ही कान दिला. काहीच ऐकू येईना, बोटीच्या बुडाला पाणी लागतं तेवढंच. मग मामूने बोट दाखवलं. धुक्यात एका बाजूला पांढुरका गोल दिसत होता, सूर्य. दोघांच्याही चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्याचा भाव आला. मामूने इंजिन चालू केलं, बोटीची नाळ त्या गोलाकडे वळवली, बाबांनी मान डोलावली, आणि आम्ही निघालो. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, हेच मला अजून आठवतं. घास घेताना जसं कुणी विचारात पडत नाही आणि उजव्याच हाताने घेतं, तसं ते झालं.

मी आपली सवयीने पडदा बघत होते. आकडा फुटात यायचा. निघताना अठरा होता. मग वीस झाला, मग बावीस. मला वाटलं, खणलेला पाट आला असेल. पण पाटाचा काठ सरळ खाली उतरतो आणि लगेच वर चढतो. हा तळ सावकाश, अंगणासारखा उतरत चालला होता. सव्वीस. मी बाबांना म्हटलं, “बाबा, पाणी खोल होतंय.” बाबा समोर बघत म्हणाले, “होऊ दे.” मी म्हटलं, “घरी जाताना उथळ व्हायला पाहिजे ना?” मामू मागून म्हणाला, “खोटारड्याचं काय ऐकतंस गो. आता तुला त्याच्यात देवमासा पण दिसेल.” आणि खरोखर त्याच वेळी टुंग झालं आणि पडद्यावर मासा उमटला. मामू हसला. मला रडू यायला लागलं, भीतीने नव्हे, संतापाने.

मी बटण दाबून ती चित्रं बंद केली. टुंगही बंद केलं. पडद्यावर नुसती तळाची जाड रेघ राहिली, खाली खाली जाणारी. मी म्हटलं, “मामू, इंजिन बंद कर. तुझी दोरी टाक आणि तूच मोज.” माझा आवाज एवढा चढलेला मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. मामूने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “मोज रे. बघू तरी.” मामूने शिशाचं वजन सोडलं, ते तळाला टेकल्यावर दोरी ओढत दोन्ही हात पसरून वाव मोजले, आमच्याकडे मासळीवाले मोजतात तसे. एक वाव म्हणजे सहा फूट. साडेचारच्या थोडं वर भरलं. मी हिशोब केला, पडद्यावर अठ्ठावीस होते. मामूच्या तोंडावरचं हसू गेलं. मी म्हटलं, आता थोडं पुढे चल आणि परत मोज. तसं केलं. दोरीही वाढली आणि आकडाही तेवढाच वाढला. मामूने वजन वर घेतलं.

“पण सूर्य तर तिकडे आहे,” तो म्हणाला. “उगवतीकडेच चाललोय ना आपण.”

मी म्हटलं, “उगवतीला काय आहे?”

“किनारा.” हे दोघे एकदमच म्हणाले.

मला तेव्हा काय झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. माझ्या वडिलांना आणि मामाला मी पहिल्यांदाच लांबून, दुसऱ्या कुणाचे तरी वडील आणि मामा असावेत तसे पाहिले. ते दोघे खाडीच्या तोंडावरच्या गावात लहानाचे मोठे झाले. त्यांच्या समुद्रात सूर्य बुडतो. वादळ आलं, अंधारलं, भरकटलं, की नाळ उगवतीला करायची आणि चालत राहायचं, कुठे ना कुठे कोकण लागतंच. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते हाडात होतं. मी मात्र इथे जन्मले. मुहर्रकच्या किनाऱ्यावर मी सूर्य पाण्यातून वर येताना पाहत आले. माझी उगवती म्हणजे उघडा समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडे ती रेघ.

नुसतं ‘बाबा, तुम्ही चुकलात’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी जरा विचार केला आणि म्हटलं, “बाबा, अबू खालिद ह्याच बोटीवर नमाज पढतात तेव्हा तोंड कुठे करतात?”

बाबा म्हणाले, “किब्ल्याकडे.”

“म्हणजे समुद्राकडे की मुहर्रककडे?”

बाबांचे ओठ हलले. ते मनातल्या मनात बोटीवर उभे राहत असावेत. गावच्या मशिदीत किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड केलं की समोर समुद्र असतो. भिंत नसती तर लाटा दिसल्या असत्या, असं बाबाच सांगत. इथे बोटीवर किब्ल्याकडे तोंड केलं की समोर किनारा. दोन्ही ठिकाणी मक्का मावळतीकडेच, पण मधला समुद्र इकडचा तिकडे झालेला. बाबा हळूच म्हणाले, “मुहर्रककडे.” मग त्यांनी सूर्याकडे पाठ केली, पाण्यात पडतील की काय असे उभे राहिले आणि समोरच्या पांढऱ्या कापसाकडे बघत म्हणाले, “याकूब, अरे, आपण गावच्या दर्यात नाय. बोट फिरव.”

मामूने बोट फिरवली. आता मागे बघायची कुणाची छाती होईना, कारण मागे ती रेघ होती आणि आम्ही तिच्या किती जवळ जाऊन आलो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा लांबून इंजिनाचा जड आवाज आला. मामूने आमचं इंजिन बंद केलं आणि तिघंही श्वास धरून बसलो. बाबा पुटपुटत दुआ पढत होते. मला जिन्यात भांडी विकणाऱ्या त्या बाई दिसत होत्या, फक्त तोंड आईचं. आवाज थोडा वेळ एका जागी थांबला, मग विरत विरत गेला. कुणाची बोट होती, गस्तीची की आमच्यासारखीच चुकलेली, ते कधी कळलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, वाच.

मी वाचत गेले. थोड्या वेळाने सूर्यही धुक्यात गडप झाला आणि वाट दाखवायला पडद्याशिवाय काही उरलं नाही. मोठ्याने आकडा सांगायचा, मामूने त्याप्रमाणे सुकाणू धरायचं. अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस. आकडा वाढायला लागला की मी म्हणायची, “नाही, नाही, दुसऱ्या बाजूला,” आणि मामू लगेच वळवायचा. मग फश्त आला, तळ वर खाली उड्या मारू लागला, आकडा एकदम पाचवर आला आणि बाबांनी नाळेवरून वल्ह्याने खडक ढकलून बोट सोडवली. त्यानंतर उथळ, आणि मग ज्याची मी वाट बघत होते तो पाट. रेघ सरळ खाली उतरली. मला ते पुस्तकातलं वाक्य आठवलं, मासा शोधू नका, आधी काठ शोधा. मी मामूला म्हटलं, “ह्या काठाला धरून चल. खोलात जाऊ नकोस, उथळात जाऊ नकोस. हा पाट बंदरात जातो.” इंग्लंडातल्या कुठल्याशा नदीत दातेरी मासा ज्या काठाला दबा धरून बसतो, तसल्याच एका काठाला धरून आम्ही घराकडे चाललो होतो.

पण शेवटी आम्हाला किनारा यंत्रानेही दाखवला नाही. काठ कुठेतरी हातचा सुटला, आकडा तीनवर आला, मामूने इंजिन वर उचललं आणि बाबा वल्ह्याने ढकलू लागले. तेवढ्यात समोर पाण्यातून काठ्यांची रांग वर आली. ती हद्रा होती, ओहोटीत मासे अडकावेत म्हणून उथळ पाण्यात काठ्या आणि जाळी रोवून केलेला सापळा. आणि त्या काठ्यांच्या मधे, डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक म्हातारा अरब कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून टोपलीत मासे गोळा करत होता. आम्ही जिवाच्या भीतीने अर्धमेले झालो होतो आणि हा माणूस त्याच समुद्रात उभा होता, स्वतःच्या पायांवर, विडी ओढत.

त्याने आमच्याकडे बघितलं, सलाम केला आणि विचारलं, “वेन?” म्हणजे कुठे निघालात.

बाबांनी वल्हं थांबवलं. ते म्हणाले, “मुहर्रक.”

म्हाताऱ्याने विडी न काढता हनुवटीने आपल्या मागे दाखवलं. “हाजा मुहर्रक.” हेच की मुहर्रक.

मामू हसायला लागला तो थांबेना. तो बोटीच्या तळाशीच बसला आणि पोट धरून हसत राहिला, मग मी, मग बाबा. म्हाताऱ्याला वाटलं असेल, हिंदी लोक आहेत, असतील तसेच. तो चालत बोटीपाशी आला, आमच्या टोपलीत डोकावला, त्या चार शेरी बघून त्याने चुकचुक केलं आणि आपल्या टोपलीतल्या ओंजळभर साफी आमच्यात ओतल्या. बाबा नको नको म्हणाले. तो म्हणाला, “यल्ला, घर जाओ, जुमा है.” बाबा पाण्यात उतरले. त्यांच्या पायाला वाळू लागली तेव्हा ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सायरा, मी फार घाबरलो होतो गो.” बापाने असं कधी सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या छातीवरून केवढं तरी ओझं उतरलं, कारण इतका वेळ मला वाटत होतं की घाबरलेली मी एकटीच आहे.

ते बंदर आता उरलेलं नाही. तिथे भराव टाकून इमारती झाल्या, आणि जिथे तो म्हातारा उभा होता तिथे बहुधा आता कुणाची तरी गाडी उभी राहते. बाबा ऐंशी पार करून गावी आहेत. फोनवर ते मला अजून इथल्या हवेची चौकशी करतात आणि धुकं पडलं म्हटलं की दर्यावर कुणी गेलं नाही ना, ते विचारतात.

घरी येताना वाटेत मामू म्हणाला, आपाला, म्हणजे आईला, काही सांगू नका. बाबा म्हणाले बरं. नमाज झाली, शुक्रवारची पानं खाली चटईवर वाढली, साफी तळून आल्या, वर खोबऱ्याचं सार आणि गरम भात. बाबांनी पहिला घास हातात घेतला, खाली ठेवला, आणि सगळं सांगितलं. धुकं, सूर्य, आपण दोघांनी बोट कुठे नेली, दोरी कुणी टाकायला लावली, काही गाळलं नाही. आई काटे काढून धाकट्याला भरवत होती, ते तिने थांबवलं नाही. बाबांचं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “रेघ ओलांडलीत?”

बाबा म्हणाले, “ठाऊक नाय. पण आलो.”

तेव्हा आई रडली. बोटीत आम्ही कुणी रडलो नव्हतो, ते सगळं तिने आमच्या वाटचं रडून घेतलं, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. मामू कावराबावरा होऊन म्हणाला, “आपा, भात वाढ ना.” तिने डोळे पुसत त्याला इतका भात वाढला की तो त्याला संपेना. जेवण झाल्यावर कुणी आपापल्या जागी गेलं नाही. जिथे बसलो होतो तिथेच, बाबा, मामू, धाकटा आणि मी, एकाच चटईवर आडवे झालो. शुक्रवारी दुपारी आमचं दार उघडंच असे. शेजारच्या खाला, गाववाले, कुणीही चहाला यायचं. माझा डोळा लागता लागता आई उठल्याचं मला कळलं. तिने आम्हा चौघांकडे एकदा नीट पाहून घेतलं, दारापाशी गेली, आणि आतून कडी लावली.